वाचनालय नावाचा ड्रायव्हर

गाडीची कंपनी बदलायची म्हटल्यावर मला आठवलं ते वर्तमानपत्र. आयुष्यात एकदाच मी वर्तमानपत्र बदललं होतं, आणि त्यानंतर महिनाभर पेपरवाल्याच्या नजरेला नजर देत नव्हतो. तो बिचारा दोन्ही पेपर टाकायचा. त्याला काय फरक पडणार होता? पण मला वाटत राहिलं की आपण कुणाचा तरी विश्वास मोडला. माझ्यासारख्या माणसानं गाडीची कंपनी बदलणं म्हणजे काय, हे यावरून लक्षात यावं.

अरुणिका ही आमची जुनी गाडी आमच्याकडे अकरा वर्षं होती. लोकमित्र वाचनालयातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो, तेव्हा संचालक मंडळानं ती वाचनालयाच्या नावावर घेऊन माझ्या ताब्यात दिली. दर शनिवारी गडहिंग्लजहून निघायचं, आजऱ्याच्या पुढच्या सात गावांत पुस्तकांच्या पेट्या फिरवायच्या, जुनी पुस्तकं घ्यायची, नवी द्यायची आणि दिवस मावळायच्या आत परत. जाताना मी चालवायचो आणि येताना महानंदा, माझी बायको. ती तीस वर्षं आरोग्यसेविका होती. त्याच गावांत तिनं मोपेडवरून लसींचे डबे पोचवले होते, त्यामुळे मला तिथं ‘सिस्टरचे मालक’ म्हणून ओळखतात. एकही शनिवार आम्ही चुकवला नव्हता. गेल्या दिवाळीनंतर मात्र अरुणिकाच्या कंपनीनं आमच्या मॉडेलची देखभाल बंद केली. सुटे भाग मिळेनात. संचालक मंडळानं ठराव केला, नवी गाडी घ्यावी. महानंदानं ‘वारू’ कंपनीची गाडी पसंत केली, कारण ती जमिनीपासून उंच आहे आणि तिच्या मागच्या भागात आडव्या फळ्या बसतात.

आता इथं थोडं विज्ञान सांगायला हवं. मी शास्त्रज्ञ नाही. वाचनालयातली मासिकं चाळून जे कळलं तेच सांगतो, चूकभूल असेल.

माणूस स्टिअरिंग वळवतो त्याच्या आधी, सेकंदाच्या दहाव्या-बाराव्या हिश्शात, त्याच्या हाताच्या स्नायूंत विजेची एक बारीकशी सळसळ होते. पायाचंही तसंच. ही सळसळ स्टिअरिंगच्या वेष्टनातून आणि सीटमधून टिपता येते, असं लक्षात आल्यावर गाड्या ती वाचायला लागल्या. पाय ब्रेकवर पोचायच्या आत गाडी किंचित मंद व्हायची. हात चुकीचा वळला तर गाडी तो हलकेच सावरून घ्यायची. दोन-तीन वर्षांत गाडीला आपल्या माणसाची प्रत्येक खोड पाठ व्हायची. सरकारी कागदांत याला चालक-प्रतिमा म्हणतात, पण लोकांनी त्याला नाव दिलं हातवळण. अक्षराचं जसं हातवळण असतं तसं.

खरी गंमत पुढे आहे. गाडी माणसाला शिकते तसा माणूसही गाडीला शिकतो. मेंदूचा जो भाग सायकल चालवणं लक्षात ठेवतो, त्याच्या ध्यानात येतं की निम्मं काम कुणीतरी परस्पर करतंय, आणि तो तेवढं काम सोडून देतो. चष्म्याची सवय झालेल्या डोळ्यांसारखं हे आहे. त्यामुळे चार-पाच वर्षं एका कंपनीची गाडी चालवलेला माणूस दुसऱ्या कंपनीच्या कोऱ्या गाडीत बसला, की त्याचा पाय ब्रेकवर उशिरा पडतो. सुरुवातीच्या काळात शोरूमबाहेरचे विजेचे खांब यामुळेच वाकले. विमा कंपन्यांनी हात वर केले. शेवटी कायदा झाला की ग्राहकानं कंपनी बदलली तर जुन्या कंपनीनं त्याचं हातवळण नव्या कंपनीला द्यायचं, फोनचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलून देतात तसं. आणि शोरूमवाल्यांनी टेस्ट ड्राइव्ह देणंच बंद केलं. त्याऐवजी एक खुर्ची ठेवली. तिच्यात बसायचं, समोरच्या पडद्यावर रस्ता दिसतो, खुर्चीत आपलं जुनं हातवळण भरलेलं असतं, आणि नवी गाडी आपल्या हाताला कशी वाटेल ते कळतं.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आणखी एक अट होती. खुर्चीत शंभरपैकी साठ गुण मिळाले नाहीत, तर तो अहवाल पंधरा दिवसांनी परिवहन कार्यालयात जातो आणि तालुक्याबाहेर गाडी चालवायची परवानगी थांबते. मला बहात्तर पूर्ण झाली होती.

जानेवारीतल्या एका मंगळवारी आम्ही एसटीनं कोल्हापूरला गेलो. शोरूम हायवेला लागून होतं. फरशी इतकी चकचकीत की मी चपला काढायला वाकलो होतो; महानंदानं कोपरखळी मारली. ईश्वरी घाटगे नावाच्या मुलीनं आमचं स्वागत केलं, ताक दिलं आणि वारूची माहिती अगदी मन लावून सांगितली. मी विचारलं की गाडी जरा चालवून बघता येईल का. ती इतकी ओशाळली की विचारल्याचं मलाच वाईट वाटलं. म्हणाली, सर, खुर्ची आहे की, अगदी तसंच वाटतंय.

मी खुर्चीत बसलो. पडद्यावर रस्ता सुरू झाला आणि पहिल्याच मिनिटात मला घाम फुटला. मी मंद होऊ पाहत होतो तर खुर्ची पुढे घुसत होती. ओलांडायला गेलो तर ती थबकत होती. एका वळणावर मी काहीच केलं नव्हतं, तरी ती थांबूनच राहिली. वीस मिनिटांनी पडदा बंद झाला आणि ईश्वरीच्या हातातल्या पाटीवर अहवाल उमटला. तिनं तो वाचला आणि मला दाखवायचा की नाही या विचारात पडली. मग दाखवला.

एकेचाळीस गुण. खाली शेरा होता : निर्णयांत सातत्य नाही. कधी अकारण थांबतात, कधी अकारण घाई करतात.

मला खरं सांगायचं तर धक्का बसला नाही. हेच मी स्वतःबद्दल लहानपणापासून ऐकत आलो होतो, आधी वडिलांकडून, मग मुख्याध्यापकांकडून. यंत्रानं ते फक्त आकड्यात मांडलं. मी ईश्वरीचे आभार मानले आणि पिशवी उचलली. मनात हिशोब सुरू झाला होता : सात गावांना पत्रं लिहावी लागतील, पेट्या परत मागवाव्या लागतील. गवसे गावच्या शेवंताबाईंकडे कादंबरीचा दुसरा भाग होता आणि तिसरा माझ्या टेबलावर पडून होता. त्या आता तो कसा वाचणार, याचंच मला जास्त वाईट वाटत होतं.

महानंदा मात्र जागची हलली नव्हती. तिनं चष्मा लावून पाटी हातात घेतली होती. अहवालात प्रत्येक चुकीची जागा आणि वेळ दिलेली असते, जुन्या गाडीच्या नोंदीप्रमाणे. ती बोट फिरवत वाचत होती, जशी पूर्वी लसीकरणाचे तक्ते वाचायची.

“अहो, इकडं या,” ती म्हणाली. “गवसे फाट्याच्या बांबूपाशी चाळीस सेकंद थांबतात, समोर अडथळा नाही. दर शनिवारी, सकाळी साडेनऊ. हे कोण?”

“मी. तिथं हत्ती येतो.”

ईश्वरीनं हत्ती या शब्दावर मान वर केली. तिला सांगावं लागलं की आजऱ्याकडे खरंच हत्ती फिरतो, फणस-केळीच्या वासानं रस्त्यावर येतो, आणि बांबूच्या बेटापाशी थांबून कानोसा घेतल्याशिवाय शहाणा माणूस पुढे जात नाही. खुर्चीला हत्ती ठाऊक नव्हता. तिच्या लेखी मी मोकळ्या रस्त्यावर उगाच उभा होतो.

“आणि हे बघा. त्याच फाट्यावरून दुपारी चार वाजता साठच्या वेगानं, दोन गाड्या ओलांडून. हे कोण?”

मी पिशवीचे बंद सारखे करू लागलो.

“बोला की. मी घाबरत नाही.”

“तू,” मी म्हणालो.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि त्याबरोबर लाजही वाटली, कारण हे मला आधी कळायला हवं होतं. अरुणिका आली त्या दिवशी तिनं चालकाचं नाव विचारलं होतं. गाडी वाचनालयाची, म्हणून मी लिहिलं ‘लोकमित्र वाचनालय’. चाळीस वर्षं मी प्रत्येक कागदावर तेच लिहीत आलो होतो. पहिल्याच शनिवारी परतताना महानंदा सीटवर बसली, तेव्हा पडद्यावर प्रश्न आला : नवीन चालक? मी ‘नाही’ दाबलं. एका गाडीला दोन नावं कशाला? आमच्याकडे एका सभासदाच्या कार्डावर अख्खं घर पुस्तकं नेतं. ही गावाकडच्या वाचनालयांची जुनी रीत आहे आणि मी ती कधी मोडली नाही. एका कार्डावर ज्ञानेश्वरीचा अर्थ, लोणच्यांची कृती आणि खुनाची रहस्यकथा एकाच आठवड्यात जाते. पण म्हणून तो सभासद चंचल आहे, असं काही मी रजिस्टरात लिहिलं नव्हतं.

अरुणिका अकरा वर्षं वाचनालय नावाच्या एकाच ड्रायव्हरला शिकत होती. तो सकाळी माझ्यासारखा होता आणि दुपारी महानंदासारखा.

ईश्वरीनं मॅनेजरना बोलावलं. ते निंबाळकर, पन्नाशीचे, भारदस्त, पण आवाज मऊ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की नोंदीत चालक एकच आहे, त्यामुळे हातवळण वेगळं काढता येणार नाही. दुधात मिसळलेलं पाणी परत कसं काढणार? महानंदा म्हणाली, मग कोऱ्या गाडीत यांची नव्यानं परीक्षा घ्या. कायद्यात तशी कोरी चाचणी होती, ती तिनं बसमध्येच फोनवर वाचून ठेवली होती. निंबाळकर म्हणाले की कायद्यात आहे, पण शोरूमच्या सहीशिवाय होत नाही, आणि ते सही करत नाहीत. चार वर्षांपूर्वी कोऱ्या गाडीत बसलेल्या एका डॉक्टरांनी गाडी समोरच्या रसवंतीत घातली होती. कुणाला लागलं नाही, पण चरकाचे दोन तुकडे झाले. तेव्हापासून गाडी काचेच्या बाहेर जायची ती विकल्यावरच.

“माझं काम गाड्या सांभाळायचं हाय, सर,” ते म्हणाले. “माणसं पारखायला खुर्ची हाय.”

महानंदा काहीतरी तिखट बोलणार होती. मला भांडण सहन होत नाही, म्हणून मी मध्येच बोलायला लागलो. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं.

मी त्यांना म्हणालो की तुमचं बरोबर आहे, मीही असंच करत होतो. वाचनालयात अठरा वर्षं मी कपाटं कुलूपबंद ठेवली. वाचकानं बाहेर उभं राहायचं, यादीत नाव शोधायचं, चिठ्ठी द्यायची. पुस्तक मी काढून देणार. चाळून बघू का म्हटलं की मी म्हणायचो, यादीत सगळं आहे. पुस्तकं फाटतील, जातील, ही भीती. मग एका उन्हाळ्यात मी संकेश्वरला मेहुण्याच्या लग्नात किल्ल्यांचा जुडगा विसरून आलो. कुलपं फोडली. नवी यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत लोक कपाटांत हात घालून उभे असायचे. पुस्तकं तिप्पट गेली. मी नवी कुलपं लावलीच नाहीत.

“आणि चोरीला?” निंबाळकरांनी विचारलं.

“दोन गेली. पण ती दोन्ही त्याआधी अठरा वर्षांत कुणी एकदाही मागितली नव्हती.”

निंबाळकर हसले नाहीत. पाटीकडे बघत राहिले. मग ईश्वरीला म्हणाले की पांढऱ्या गाडीची किल्ली आण. आणि मला म्हणाले, “मागं मी बसणार. चार वर्षं झाली गिऱ्हाइकाबरोबर गाडीत बसून.”

कोरी गाडी म्हणजे काय, ते मला पहिल्या शंभर फुटांतच कळलं. गाडी काहीच करत नव्हती. मी जेवढं वळवीन तेवढीच वळत होती. पाय उशिरा पडला, ब्रेक करकचून लागला, आणि मागून निंबाळकरांनी सुस्कारा टाकला. मी माफी मागितली. दुसऱ्यांदा पाय थोडा लवकर टाकला. तिसऱ्यांदा आणखी थोडा. अकरा वर्षांपूर्वी मला हे येत होतं, आणि ते कुठेतरी तळाच्या फळीवर तसंच पडून होतं, धूळ खात. महानंदा शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होती. तिला बोलायचं असून ती बोलत नव्हती, एवढं मला दिसत होतं.

हायवे सोडून आम्ही उचगावच्या आतल्या रस्त्याला लागलो. साखर कारखान्यांचे दिवस. आडव्या रस्त्यानं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर आला आणि चौकात आमच्या रस्त्यावर वळायला लागला. मी बराच अलीकडे थांबलो. मागच्या मोटारसायकलवाल्यानं हॉर्न सुरू केला. ट्रॅक्टर वळून निघून गेला, पहिली ट्रॉलीही गेली, समोर मोकळी जागा दिसत होती.

“जावा की सर, जागा हाय,” निंबाळकर म्हणाले.

माझा पाय जवळजवळ उठला होता. कुणी जा म्हटलं की जायचं, ही माझी खोड. पण मी तो तिथंच ठेवला. आमच्या भागात माणूस चालायला शिकतो तेव्हाच त्याला हे कळतं की पहिली ट्रॉली ट्रॅक्टरमागून जाते आणि दुसरी कोपरा कापून आत येते. ती तशीच आली. ज्या जागेत निंबाळकर मला जायला सांगत होते, तिथून तिचं चाक गेलं. उसाच्या शेंड्यांची वाढी काचेवरून सळसळत गेली आणि एक कांडं बॉनेटवर पडून राहिलं. मोटारसायकलवाल्याचा हॉर्न बंद झाला.

महानंदा म्हणाली, “अकारण थांबतात.”

निंबाळकर पहिल्यांदा हसले, मोठ्यानं.

परतताना महानंदा उतरून माझ्या दाराशी येऊन उभी राहिली. येताना ती चालवते, ही सवय. निंबाळकरांनी नको म्हणून पाहिलं, पण तीस वर्षं सुया टोचत आलेल्या बाईला नको म्हणणं सोपं नसतं. शोरूममध्ये पोचल्यावर दोघांचे अहवाल आले. मला सदुसष्ट. तिला सत्तावन्न. शेरा : गती जास्त, आत्मविश्वास जास्त. ती म्हणाली की यंत्र बिघडलंय, आणि तसंही तिला सत्तरीला अजून दोन वर्षं होती. निंबाळकरांनी माझ्या कागदावर सही केली. शिक्का शोधायला त्यांना दहा मिनिटं लागली. तो कधी वापरलाच गेला नव्हता. निघताना ईश्वरीनं हळूच सांगितलं की आणखी दोन गिऱ्हाइकं गेल्या महिन्यात खुर्चीत नापास झाली होती, दोघंही आपापल्या घरच्यांबरोबर एकच गाडी आळीपाळीनं चालवणारी. त्यांना परत बोलावू का, असं तिनं विचारलं तेव्हा निंबाळकरांनी हो म्हटलं.

गाडी पंधरा दिवसांनी घरी आली. महानंदानं चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. पडद्यानं चालकाचं नाव विचारलं. मी ‘लोक’ एवढं लिहून थांबलो, खोडलं, आणि ‘मल्लिकार्जुन शिंत्रे’ असं लिहिलं. स्वतःचं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत मी बऱ्याच दिवसांनी पाहत होतो. जरा अवघडल्यासारखं झालं, पण ते तसंच ठेवलं.

जुनी अरुणिका भंगारात गेली. तिच्यातलं हातवळण कंपनीनं एका बोटाएवढ्या डबीत घालून दिलं. आता ते कुठल्याच गाडीत चालत नाही. ते टाकून देणं मला जमेना. वाचनालयाच्या दाखल नोंदवहीत त्याला रीतसर क्रमांक दिला. लेखक या रकान्यात काय लिहावं याचा बराच विचार करून दोघांची नावं लिहिली. त्या ड्रायव्हरला एकेचाळीस गुण मिळाले होते हे खरं. पण अकरा वर्षांत त्यानं गाडीला एक ओरखडा पडू दिला नव्हता. महानंदा ओलांडायला जायची तेव्हा माझं थांबणं कुठेतरी तिचा पाय आवरत असणार, आणि मी फाट्यावर अडून राहायचो तेव्हा तिची घाई मला पुढे ढकलत असणार. आम्ही दोघं वेगवेगळे कदाचित इतके चांगले नव्हतो.

पहिल्या शनिवारी मी गवसे फाट्यावर बांबूपाशी थांबलो. चाळीस सेकंद. पडद्यावर प्रश्न आला, थांबण्याचं कारण? मी ‘हत्ती’ लिहिलं. गाडीनं आजूबाजूला शोधलं आणि कळवलं की हत्ती नाही. मी म्हटलं, ठीक आहे, पण विचारत जा. शेवंताबाई ओट्यावर वाट बघत बसल्या होत्या. तिसरा भाग हातात पडल्यावर त्यांनी पहिलं पान सोडून शेवटचं उघडलं, आणि मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

चार वाजता महानंदा सीटवर बसली. पडद्यावर अक्षरं आली : नवीन चालक?

माझं बोट सवयीनं ‘नाही’कडे गेलं.

“काय बघताय? हो दाबा,” ती म्हणाली.

मी हो दाबलं. नावाच्या जागी तिनं स्वतःच लिहिलं, ‘सिस्टर’. मग आरसा नीट केला, पदर खोचला आणि निघाली. पहिल्याच वळणावर तिनं ब्रेक मारला. मध्ये सावरून घ्यायला आता कुणी नव्हतं. मी पट्ट्यावर आदळलो आणि मागच्या फळीवरून पन्नास-साठ पुस्तकं धडाधडा खाली आली.

गाडी थांबली. महानंदानं आरसा पुन्हा एकदा नीट केला.

“शिकेल हळूहळू,” ती म्हणाली.

ते ती गाडीबद्दल म्हणाली, असं मी धरून चाललो, आणि पुस्तकं गोळा करायला खाली उतरलो.